एका टेबलावर दोन रिटर्नं

ओल्सन्स रिज, विस्कॉन्सिन
३ फेब्रुवारी

चि. सोल्वेग,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन मी फक्त हवामान आणि मयत एवढ्यासाठीच उचलते, बाकी सगळं कागदावर, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तर, फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार मी तुमच्यासाठी राखून ठेवलाय. लग्नानंतरचं पहिलं टॅक्स रिटर्न आपल्या घराण्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरलं जातं, हे वेस्लीला सांगितलंयस ना? तुझ्या आईबापांचं इथेच भरलं, तुझ्या मोठ्या बहिणीचं इथेच. नवरा-बायकोने शेजारी शेजारी बसायचं, आकडे मी घालायचे, आणि मग तुझ्या ऑरिन काकांच्या हिरव्या पेनने दोघांनी एकाच कागदावर एकाखाली एक सही करायची. त्यानंतर गरम लेफ्से, आपल्या त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी आणि साखर लावून. माझा ऑरिन म्हणायचा, पाद्र्यासमोर कुणीही ‘हो’ म्हणेल, तिथे फुलं असतात, बँड असतो. सरकारच्या कागदावर सही केली की खरं लग्न लागलं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण म्हणणं अजून खोडता आलेलं नाही.

येताना दोघांच्या पगाराचे कागद आण. जावईबापूंना म्हणावं, हिरवी-पिवळी टोपी दारातल्या खुंटीला. आपली फुटबॉलची टीम मलाही प्यारी आहे, पण माझ्या टेबलाशी टोपी घालून बसलेलं मी ऑरिनचंही खपवून घेतलं नाही.

तुझी आत्या,
व्हर्ना

•

ला क्रॉस
११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी खाली बस. बसलीस? कॉफीचा कप बाजूला ठेव. आम्ही दोघं रिटर्न वेगवेगळं भरणार आहोत.

आता ओरडून झालं असेल तर पुढे वाच. गुरांची डॉक्टर व्हायला मी किती कर्ज काढलं ते तुला ठाऊक आहे, तेवढ्यात तुमच्या रिजवर दोन घरं आली असती, गोठ्यासकट. त्याचा हप्ता माझ्या कमाईवर ठरतो. एकत्र रिटर्न भरलं की कर्जवाले वेस्लीची कमाईही त्यात धरतात, आणि हा बाबा विजेच्या खांबांवर चढून माझ्या दुप्पट कमावतो. हप्ता असा काही फुगेल की गोठ्यांची नोकरी मला परवडायचीच नाही. मिलवॉकीच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलंय, पगार भरपूर. तिथे केसाळ कुत्र्यांचे दात घासायचे आणि त्यांच्या मालकिणींना धीर द्यायचा. आत्या, मी गाईंसाठी शिकले गं. मला गाईच हव्यात. पहाटे शेणात उभं राहून वासरू ओढून काढण्यात जो आनंद आहे तो तुला सांगून कळायचा नाही, आणि तू जेवायला बसली असशील तर सांगतही नाही.

मे महिन्यापर्यंत मिलवॉकीला हो-नाही कळवायचंय. म्हणून वेगळं रिटर्न. बाकी आमचं उत्तम चाललंय. वेस्ली भांडी घासतो. वाईट घासतो, पण घासतो.

लेफ्से मात्र मिळणार ना?

तुझी,
सोल्वेग

•

ओल्सन्स रिज
१८ फेब्रुवारी

चि. सोल्वेग,

लेफ्से? लेफ्से हवंय बाईसाहेबांना!

आपल्या घराण्यात वेगवेगळं रिटर्न आजवर एकदाच भरलं गेलं, तुझा चुलतभाऊ गॉर्डन आणि त्याची ती उंच बायको. जूनमध्ये दोघं वकिलाकडे बसून बर्फ लोटायचं यंत्र कुणाचं यावर भांडत होते. जूनमध्ये! बर्फाचं यंत्र! वर वेगळं भरलं की कर्जाच्या व्याजाची मिळते ती सूटही जाते. म्हणजे पदरचे पैसे घालून वेगळं व्हायचं.

तरी मी नियमांचं पुस्तक काढलं. म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, तिचं काही बरोबरही असेल. आणि मला जे हसू फुटलं म्हणतेस! हार्लनला वाचून दाखवलं, त्याने कॉफी सांडली. अगं, तू राहतेस विस्कॉन्सिनमध्ये. इथल्या कायद्याने लग्नानंतर नवऱ्याने कमावलेलं निम्मं बायकोचं आणि बायकोचं निम्मं नवऱ्याचं. रिटर्न वेगळं भरलंस तरी दोघांची कमाई एकत्र करायची, मधोमध कापायची आणि निम्मी निम्मी दोन कागदांवर लिहायची. म्हणजे तुझ्या रिटर्नात वेस्ली बसलेलाच! हार्लन म्हणाला, नवऱ्याला दारातून बाहेर काढलं तर तो खिडकीतून आत आला.

तेव्हा गुपचूप शनिवारी या आणि एका कागदावर सही करा. हार्लन शुक्रवारी मासे आणून देणार आहे, तेही तळीन.

आत्या

•

ला क्रॉस
२ मार्च

प्रिय आत्या,

शनिवारी आलो नाही. बर्फाच्या वादळाने तारा तुटल्या आणि वेस्ली चार दिवस खांबावरच होता, हे खरं कारण. पण वादळ नसतं तरी आलो असतो का, सांगता येत नाही.

तुझं हसू मला इथपर्यंत ऐकू आलं. मला मात्र रडू आलं. तू म्हणतेस ते बरोबर निघालं, मी खात्री करून घेतली. वेगळं भरूनही माझ्या कागदावर त्याच्या कमाईचा निम्मा आकडा येणार आणि हप्ता वाढणारच. वेस्लीला सांगितलं तर तो ‘हं’ म्हणाला. त्याचा एक ‘हं’ असतो तो ‘मीठ दे’ असा, आणि एक असतो तो आठवडाभर टिकणारा. हा दुसरा होता. काल तो म्हणाला, ‘तुझ्या गाई माझ्यामुळे जाणार.’ मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस. त्याने ऐकलं नाही. मी मिलवॉकीला पत्र लिहून ठेवलंय, होकाराचं. अजून टाकलेलं नाही.

आता तू मला एक सांग. हा हार्लन कोण? तुझ्या पत्रात तीनदा आलाय. इतक्या वेळा तुझ्या पत्रात फक्त देव येतो, आणि तोही थंडी जास्त असली तरच.

सोल्वेग

•

ओल्सन्स रिज
९ मार्च

चि. सोल्वेग,

हार्लन म्हणजे दर शुक्रवारच्या मासे-जेवणाला गावच्या हॉलमध्ये ॲकॉर्डियन वाजवतो तो. विधुर आहे, गुडघा दुखतो, कॉफीत साखर फार घालतो. संपलं. विषय बदलू नकोस.

मला जे लिहायचंय ते लिहिताना हात जड झालाय. हार्लनची मुलगी नदीपलीकडे विनोनाला राहते. मंगळवारी तो तिच्याकडे गेला होता. तिच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोल्या भाड्याने आहेत, आणि तिथे त्याने तुझ्या नवऱ्याला पाहिलं, माझ्याकडच्या तुमच्या लग्नाच्या फोटोवरून ओळखला. एकटा होता. मालकिणीशी बोलत होता आणि टेप घेऊन खिडक्या मोजत होता. हार्लनने हाक मारली तर असा दचकला म्हणे, की टेप खाली पडली.

सोल्वेग, मी उगाच आग लावणारी बाई नाही. पण नवऱ्याने बायकोला न सांगता दुसऱ्या गावात खोली बघायची, आणि तीही मिनेसोटात, आपल्या वैऱ्यांच्या, त्या जांभळ्या टीमच्या मुलखात! आपला माणूस तिकडे आपल्या पायाने जातो तो एक तर वेडा झालेला असतो नाही तर पळून चाललेला असतो. मी म्हटलं नव्हतं? आधी कागद वेगळे, मग खोल्या.

तुला काही माहीत नसेल तर सरळ माझ्याकडे निघून ये. मागच्या खोलीत पलंग घातलाय. मी एक अक्षर विचारणार नाही. म्हणजे विचारीन, पण जेवण झाल्यावर.

आत्या

•

ला क्रॉस
१७ मार्च

प्रिय आत्या,

पलंग काढून टाक.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी डुएनच्या गोठ्याकडे निघाले होते. गाडीत वाचलं, खिशात कोंबलं. डुएनच्या गाईचं वासरू उलटं आलं होतं. त्यातच सकाळपासून मी कर्जवाल्यांना फोन लावत होते, आणि त्या दऱ्यांमध्ये मोबाईल म्हणजे नुसतं खेळणं. शेवटी डुएनने गोठ्यातल्या भिंतीवरचा जुना फोन लावून दिला आणि रिसीव्हर बादलीवर ठेवला. त्यातून तेच तेच संगीत वाजतंय, माझा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात, आणि दारात उभा कोण? वेस्ली. रस्त्यावरची तार जोडायला आला होता, माझी गाडी बघून आत डोकावला.

मी तशीच ओरडले, ‘विनोनात खोली कुणासाठी बघतोयस?’

डुएन म्हणाला, ‘मी बाहेर जाऊ का?’

मी म्हटलं, ‘शेपूट धर.’

वेस्ली टोमॅटोसारखा लाल झाला. ‘तुला कुणी सांगितलं?’

‘आत्याच्या हार्लनने!’

‘अगं, कामावरचा एक जण म्हणाला, मिनेसोटात ते निम्म्या-निम्म्याचं लफडं नाही. तिकडे राहायला गेलो की माझा पगार तुझ्या कागदावर येणार नाही. पूल ओलांडला की झालं. तुझ्या गाई इकडे, आपण झोपायला तिकडे.’

‘तू? जांभळ्यांच्यात राहणार?’

तो टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, ‘रविवारी मॅचच्या वेळी जाड पडदे लावू. म्हणून तर खिडक्या मोजत होतो.’

आत्या, मला हसावं की रडावं कळेना. हा माणूस, ज्याने आमच्या लग्नाचा केक हिरवा-पिवळा करायला लावला! डुएनने शेपूट सोडली आणि म्हणाला, ‘पोरी, याला आयुष्यात कधी सोडू नकोस. पण आधी माझं वासरू काढ.’

मग मला सुचलं. मी म्हटलं, ‘अरे शहाण्या, रिटर्न गेल्या वर्षीचं आहे. गेलं वर्षभर आपण इकडेच राहिलो. आता पळून काय उपयोग?’ त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. अनामत भरून आला होता, ती काही परत मिळत नाही. आणि नेमकं तेव्हा फोनमधलं संगीत थांबलं.

वेस्लीने झेप घेतली आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे कुणी बाई होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, धापा टाकत. त्या म्हणाल्या, ‘रिटर्न वेगळं भरताय ना? मग तुमच्या राज्याचा निम्म्याचा नियम आहे एवढं कळवा आणि स्वतःच्या पगाराच्या पावत्या पाठवा. हप्ता त्यांवर ठरेल, रिटर्नवरच्या आकड्यावर नाही.’

‘एवढंच?’

‘एवढंच. पण रिटर्न वेगळंच हवं. मागे कुणी ओरडतंय का?’

‘गाय आहे.’

‘अगं बाई! झालं का तिचं?’

तेव्हाच झालं. कालवड आहे, धडधाकट. वेस्लीने फोनवर त्या बाईंना तिचा आवाजही ऐकवला.

आता एवढंच आहे, आत्या. मला दोन रिटर्नं हवीत, आणि मला ती तुझ्याच टेबलावर भरायचीत. बाहेरच्या कुणाकडून भरून घेता येतील, पण मग आमचं लग्न लागल्यासारखं मलाच वाटणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी फार रडेन.

सोल्वेग

•

ओल्सन्स रिज
२४ मार्च

चि. सोल्वेग,

तुझं पत्र मी हार्लनला वाचून दाखवलेलं नाही. म्हणजे पडद्यांपर्यंतच दाखवलं. तो उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर बघत राहिला. हसत होता की काय, पाठीवरून कळलं नाही.

जावईबापूंवर घेतलेला संशय मी परत घेते. जो माणूस बायकोच्या गाईंसाठी जांभळ्यांच्या शेजारी पडदे लावून राहायला तयार होतो त्याने रिटर्न वेगळं भरावं, उलटं भरावं, झाडावर बसून भरावं. माझी हरकत नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी या. लेफ्सेच्या पिठाचे बटाटे शनिवारी सकाळीच उकडीन. मिलवॉकीचं ते पत्र शेकोटीत घाल, आणि त्यावरचं तिकीट आधी काढून घे.

आत्या

•

ला क्रॉस
२० एप्रिल

प्रिय आत्या,

हप्ता जुनाच राहिला! आज सकाळी कळलं. तशीच डुएनच्या गोठ्यात जाऊन मी कालवडीला आधी सांगितलं, मग वेस्लीला. तो म्हणतो, क्रम लक्षात ठेवीन. मी गाईंजवळच राहणार, आत्या, आणि याच गावात, नदीच्या याच काठाला. मी इतकी खूश आहे की काल वेस्लीने घासलेली भांडी मी पुन्हा घासली नाहीत.

त्या शनिवारचं मनातून जात नाही. तू दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेस आणि आमची कमाई कापून निम्मी इकडे निम्मी तिकडे लिहू लागलीस, आणि मध्येच हसलीस. ‘बघा, सरकारच तुम्हाला वेगळं होऊ देत नाही!’ मग मी माझ्या कागदावर सही केली आणि वेस्ली खालच्या ओळीवर वाकला. ओळ तिथे छापलेलीच आहे ना, जोडीदाराची. तू त्याच्या हातावर चापटी मारलीस. ‘वेगळं रिटर्न! ती ओळ रिकामी ठेवायची!’ बिचारा पेन हातात घेऊन असा बसला, जसं काही पंगतीत त्याला वाढलंच नाही. तेव्हा तू लेफ्सेच्या ताटाखालचा कागदी रुमाल ओढलास आणि म्हणालीस, ‘इथे करा. एकाखाली एक.’ आम्ही केल्या, तू तो रुमाल फ्रिजवर चिकटवलास आणि चष्मा पुसत बसलीस. वाफ नव्हती गं चष्म्यावर. मी पाहिलं.

मी आणखीही पाहिलं. दाराच्या खुंटीवर पुरुषाची टोपी होती. मागच्या खोलीत, माझ्यासाठी घातलेल्या त्या पलंगाखाली, ॲकॉर्डियनची पेटी होती. आणि कॉफीत फार साखर घालणाऱ्या कुणासाठी तरी साखरेचं मोठं भांडं टेबलावर आलंय. तू स्वतः कॉफीत कधी साखर घेतली नाहीस.

तर आता मी खाली बसलेय. कॉफीचा कप बाजूला ठेवलाय. बोल.

तुझी भोचक भाची,
सोल्वेग

•

ओल्सन्स रिज
२८ एप्रिल

चि. सोल्वेग,

गुरांच्या डॉक्टरकडून काही लपत नाही, हे मी विसरले होते. पलंगाखाली वाकून बघायची गरज होती का पण?

ऐक तर. नाताळात हार्लनने मला मागणी घातली. गुडघा दुखतो म्हणून उभ्यानेच. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, ‘व्हर्ना, एक आहे. मुलीच्या नर्सिंगसाठी काढलेलं कर्ज अजून माझ्या नावावर आहे. हप्ता कमाईवर ठरतो. तुझ्या पेन्शनला झळ नको, आपण रिटर्न वेगवेगळं भरू.’ चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, अजून शिक्षणाचं कर्ज फेडतोय! मी म्हटलं, माझ्याशी एका कागदावर सही करायला जो तयार नाही त्याच्याशी मी लग्न करत नाही, आणि त्याला त्याच्या टोपीसकट बाहेर काढलं. तो दुसऱ्या दिवशी मासे घेऊन परत आला, जसं काही झालंच नाही, आणि रोज येत राहिला. विषय मात्र पुन्हा काढला नाही. आणि मग फेब्रुवारीत तुझं पत्र आलं. शब्दन् शब्द तेच! माझा तिळपापड कुणावर झाला होता ते आता कळलं ना?

खरं सांगू का, कर्जाचं काही नव्हतं. मला भीती वाटत होती. ऑरिन गेल्यापासून सहा वर्षं मी वरच्या ओळीवर सही करते आणि खालची ओळ रिकामी बघते. मला वाटायचं, पुन्हा लग्न करूनही ती रिकामीच राहणार असेल तर जीव पुन्हा कशाला अडकवायचा. मग तुझ्या नवऱ्याने त्या रुमालावर सही केली. इतकी जोर लावून, की कागद फाटला.

हार्लन रोज फ्रिजमधून दूध काढताना तो रुमाल बघायचा. या शुक्रवारी हॉल भरलेला, माझ्या ताटात मासा, आणि त्याने वाजवता वाजवता मध्येच ॲकॉर्डियन ठेवून दिलं. सगळे बघायला लागले. तो लंगडत माझ्या टेबलापाशी आला आणि एक कागदी रुमाल माझ्यापुढे सरकवला. तेलाचा डाग पडलेला. खाली त्याची सही, आणि वरची जागा मोकळी सोडलेली.

माझ्या पर्समध्ये ऑरिनचं पेन होतं. ते काढावं की नाही, मला कळेना. माझी बोटं पर्समध्येच अडकली. हार्लन म्हणाला, ‘त्याचंच घे, व्हर्ना. चांगलं पेन आहे, वाळून कशाला जाऊ द्यायचं.’ मग मी त्याच पेनने वरच्या जागी सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझा मासा पार गार झाला.

लग्न ऑक्टोबरात आहे. फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार तू मोकळा ठेव. आकडे घालायच्या खुर्चीवर तू बसायचंस, मी आणि हार्लन समोर, शेजारी शेजारी. दोन रिटर्नं. ऑक्टोबरपासूनच्या त्याच्या ॲकॉर्डियनच्या कमाईतलं निम्मं माझ्या कागदावर येणार आणि माझ्या अंड्यांच्या पैशातलं निम्मं त्याच्या. कायदाच आहे, मी कोण नको म्हणणारी. लेफ्से मी लाटीन.

आमचा रुमाल तुमच्या रुमालाशेजारी लावलाय. अजून माशाचा वास येतो, पण जाईल.

तुझी आत्या,
व्हर्ना